मामा, पिक्सीज आणि केळीची गाडी

आज रावेरला मामांच्या मळ्यात केळीची गाडी भरायची होती. मजूर घड वाहत होते, मी बांधावर बसून मोबाईलवर पिक्सीज हा अमेरिकन रॉक बँड लावला. मामा थांबले, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "हाई काय आरडी ऱ्हायना रे?"

मामांचं चूक नाही. बोस्टनच्या या बँडची खोडच ती. कडवं कुजबुजल्यासारखं आणि धृपद एकदम अंगावर. त्यांचा 'डूलिटल' हा अल्बम १९८९चा, निर्वाणा बँडचा 'नेव्हरमाइंड' १९९१चा. निर्वाणाच्या कर्ट कोबेननं तर स्वतःच कबूल केलं होतं की आपण पिक्सीजची नक्कल करत होतो. तरी टी-शर्ट सगळ्यांच्या अंगावर निर्वाणाचेच! (माझ्याकडेही दोन आहेत, ते सोडा.)

माझं मत विचाराल तर या संगीतात मला सफाईपेक्षा खोलीतला आवाज जास्त आवडतो. स्टीव्ह अल्बिनी या ध्वनिमुद्रकानं पिक्सीजचा 'सर्फर रोझा' आणि पुढे निर्वाणाचा 'इन युटेरो' रेकॉर्ड केला, त्यातले ड्रम ऐका. भिंती ऐकू येतात. हल्ली इंडी (म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरचं संगीत) म्हणून जे येतं ते बहुतेक कॅफेत लावायला बरं. गुळगुळीत, गोड, कुणालाच त्रास नाही.

हे सगळं मामांना कसं सांगणार? शेवटी म्हटलं, श्रावणात आपल्या खानदेशी कानबाई देवीच्या रात्री आजी गायची ना, घसा बसलेला, तरी सगळ्यांवर चढ? तसंच आहे हे. मामा जरा गप्प राहिले. मग म्हणाले, "आजीले सूर व्हता रे."

गाडी भरून झाली. जेवणात कळण्याची भाकरी आणि भरीत होतं, तेव्हा मी वाद वाढवला नाही.