गुरुवारी तुटलेले बोल्ट

तीन ॲलन बोल्टांची डोकी माझ्या टेबलावर आली. त्यांतली दोन डिझेलने धुऊन, वर वायर ब्रश मारून आणली होती. घेऊन आलेल्या मुलाने माझ्यासमोरच एक डोकं त्याच्या तुटक्या दांड्यावर टेकवलं आणि दाबून फिरवलं. "बघा सर, परफेक्ट बसतंय." मी त्याचा हात धरला. तुटलेले दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की तुकडा कसा तुटला याची जी खूण तिथे उमटलेली असते तीच पुसली जाते. भोसरीतल्या आमच्या धातू तपासायच्या लॅबमध्ये वीस वर्षं मी हेच सांगतो आहे. तुटलेला तुकडा धुऊ नका, जोडून बघू नका, कोरड्या कागदात गुंडाळून जसा आहे तसा आणा. तरी दर महिन्याला कोणीतरी चकचकीत करून आणतंच.

तिसरं डोकं मात्र वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलं होतं आणि कागदावर बॉलपेनने लिहिलं होतं : 'गुरुवार दु. १ वा.' हे कोणी लिहिलं, असं विचारलं तर मुलगा म्हणाला, "वॉचमन मामांनी. त्यांचं काय घेऊन बसलात."

चाकणच्या बाजूला एक प्रेस शॉप आहे. तिथे डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे जड साचे, उचलण्यासाठी नवा लिफ्टिंग बीम, म्हणजे क्रेनला लावायची आडवी तुळई, बनवला होता, ५ टन उचलणारा. बीमच्या दोन टोकांना खालून एकेक ब्रॅकेट, प्रत्येक ब्रॅकेटला एम २० चे, म्हणजे २० मिलिमीटर जाडीचे, सहा बोल्ट, ग्रेड १२.९, म्हणजे फार कडक आणि मजबूत स्टीलचे. बुधवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायचा पाना, लावून बाराही बोल्ट आवळले. गुरुवार म्हणजे इकडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी. शुक्रवारी पहिल्या शिफ्टला बीमला पहिला डाय लागणार होता. सकाळी शेड उघडली तर दोन डोकी जमिनीवर पडलेली. बीमला तोवर काहीच लटकवलेलं नव्हतं. क्रेनचं हूकसुद्धा लावलेलं नव्हतं.

मालकांच्या मते कोणीतरी मुद्दाम केलं होतं. सुपरवायझर म्हणत होते, रेंच मारणाऱ्याने जास्त आवळलं. खरेदी विभागाने दुकानदाराला 'माल डुप्लिकेट आहे' असं कळवूनही टाकलं होतं. माझ्याकडून त्यांना एका ओळीचं पत्र हवं होतं, 'मटेरियल डिफेक्ट', म्हणजे पैसे अडवता येतील. असली पत्रं देणाऱ्या लॅब आहेत, हे मला माहीत आहे. त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्या कागदाच्या जोरावर दुसरा बोल्ट त्याच जागी बसतो.

तपासायला आठ न वापरलेले स्पेअर बोल्ट मिळाले. एक कापून कडकपणा पाहिला. रॉकवेल सी या मापावर ४३ आला. १२.९ ला ३९ ते ४४ चालतो. स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय मिसळलंय ते दाखवणाऱ्या यंत्रावर, क्रोम-मॉली स्टील, जसं हवं तसं. मायक्रोस्ट्रक्चर स्वच्छ टेम्पर्ड मार्टेन्साइट, म्हणजे नीट हीट ट्रीटमेंट झालेल्या स्टीलची आतली रचना. एक बोल्ट यंत्रावर ओढून तोडला तर १२७० मेगापास्कल ताणाला तुटला, आणि मानकाप्रमाणे किमान १२२० लागतात. म्हणजे दुकानदाराचा माल डुप्लिकेट नव्हता. सगळ्या परीक्षा पास होणारा बोल्ट एकटा पडल्या पडल्या तुटत होता.

जास्त आवळून तुटलेला बोल्ट आधी लांबतो, मान बारीक होते. ही डोकी सरळ कापल्यासारखी गेली होती. थकव्याने तुटायला भार हजारो वेळा यायला-जायला लागतो, इथे तो एकदाही आलेला नव्हता. हीट ट्रीटमेंटच्या वेळी तापलेलं स्टील एकदम थंड करताना पडलेली भेग (क्वेंच क्रॅक) असती तर तिच्या आत काळी पपडी दिसली असती, किंवा बोल्टांवर गंज टाळायला चढवलेल्या प्लेटिंगचं झिंक शिरलेलं दिसलं असतं. धुतलेल्या दोन तुकड्यांवर हे सांगायला फारसं काही उरलं नव्हतं. मामांच्या कागदातला तुकडा उघडला तर आत करडा, कोरडा, दाणेदार पृष्ठभाग होता, झिंकचा मागमूस नाही, गंजाचा ठिपका नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाठवला. चित्र आलं ते खडीसाखरेसारखं. खडीसाखरेचा खडा फोडला की कसे सपाट, चकाकणारे पैलू दिसतात, तसे धातूचे कण आपापल्या सीमांवरून सुटून मोकळे झाले होते. चांगलं स्टील असं तुटत नाही. ते ओढताना ताणलं जातं, तुटीवर वाटीवाटीसारखे खळगे पडतात. हे चित्र पाहून संशय एकाच गोष्टीवर, हायड्रोजनवर, गेला, आणि त्या बोल्टांवरची झिंक प्लेटिंगची निळसर चकाकी पहिल्यांदा मला खटकली.

झिंक प्लेटिंगच्या आधी बोल्ट हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडवतात, गंज काढायला. मग बॅरलमध्ये घालून विजेने झिंक चढवतात. ॲसिडमध्ये स्टीलवर हायड्रोजन सुटतो, प्लेटिंगच्या टाकीतही झिंकच्या जोडीला हायड्रोजन सुटतो, आणि त्यातला थोडा धातूच्या आत शिरतो. वरून झिंकचं आवरण बसलं की त्याला बाहेर पडणं अवघड होतं. मऊ बोल्टाला याने काही होत नाही. ३९-४० रॉकवेलच्या वरचं कडक स्टील मात्र याच्यापुढे हळवं आहे. बोल्ट आवळला की ताण आट्याच्या खाचेत आणि डोक्याखालच्या गळ्यात साठतो आणि आतला हायड्रोजन हळूहळू सरकत तिथेच गोळा होतो. पुरेसा जमला की कणांच्या सीमा सुटायला लागतात. याला तास लागतात, कधी दिवस.

या 'तास लागतात' मध्येच सगळी फसगत आहे. यंत्रावरची ओढ दोन-तीन मिनिटांत संपते. हायड्रोजनला सरकायला वेळच मिळत नाही. म्हणून बोल्ट १२७० दाखवतो, सर्टिफिकेट हिरवं येतं, आणि तोच बोल्ट आवळून ठेवला की रात्री जातो. ही गोष्ट काही नवी नाही. १८७५ मध्ये जॉन्सन नावाच्या इंग्रजाने लिहून ठेवलं होतं की ॲसिडमधून काढलेली लोखंडी तार ठिसूळ होते आणि तुटलेल्या जागी ओलाव्यात बुडबुडे येतात. २०१३ च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्को–ओकलंड बे ब्रिजच्या नव्या पुलावर ९६ पैकी ३२ जाडजूड अँकर रॉड आवळल्यावर पंधरवड्यात तुटले. त्या रॉडांना विजेचं प्लेटिंग नव्हतं, हॉट डिप गॅल्व्हनायझिंग, म्हणजे वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून चढवलेलं आवरण, होतं, आणि ते रॉड बरीच वर्षं पाणी साचलेल्या भोकांत उभे होते. हायड्रोजनची वाट वेगळी, शेवट तोच.

आता बोल्ट नेमके किती वाजता तुटले ते हवं होतं. मी चाकणला गेलो आणि मामांना भेटायचं म्हणालो. सुपरवायझर म्हणाले, "त्यांचा बदली आला नव्हता, बुधवार रात्रीपासून शुक्रवार सकाळपर्यंत एकटेच होते. झोपेत काय ऐकलं असेल त्यांनी." सिक्युरिटीचे ठेकेदार माणसाला छत्तीस तास उभं ठेवतात आणि मग त्याच कारणाने त्याचं बोलणं खोटं ठरतं, हे मी अनेक कारखान्यांत पाहिलंय.

मामा साठीच्या घरातले, बीडकडचे. त्यांनी केबिनमधून रजिस्टर आणलं.

"रात्री दोन वाजून धा मिन्टं झाली व्हती, सायेब. बंदूक उडावी तसा आवाज. बॅटरी घिऊन सगळी शेड फिरलो, मांजर बी दिसलं न्हाई. मग गुरवारी दुपारी एकला पुन्यांदा. तवा हे सापडलं, बेंचखाली गेलं व्हतं. म्हटलं आपल्याला कळत न्हाई, पर वेळ तरी लिहून ठिवू."

"हात लावला होता का त्याला?"

"न्हाई बा. कागदानंच उचललं. लोखंड ताजं तुटलेलं व्हतं, घामानं गंजतंय की."

तिसरी नोंद शुक्रवारी पहाटे ४.३० ची. बुधवारी संध्याकाळी सहापासून मोजलं तर सुमारे ८ तास, १९ तास आणि साडेचौतीस तास. मुद्दाम तोडणारा असे अंतर ठेवून येत नाही. जास्त आवळलेला बोल्ट तर रेंचखालीच तुटतो. मी मामांच्या रजिस्टरच्या पानांचे फोटो काढले आणि अहवालात परिशिष्ट म्हणून जोडले. पुढे मालकांनी ती पानं काढायला सांगितली, वॉचमनच्या अक्षरातला पुरावा त्यांच्या ग्राहकापुढे बरा दिसणार नाही म्हणून. मी काढली नाहीत. त्या तीन ओळींइतका चांगला पुरावा त्या केसमध्ये दुसरा नव्हता.

उरलेल्या सहा स्पेअर बोल्टांना जाड प्लेटमध्ये आवळलं, डोक्याखाली पाचरीसारखा तिरका वॉशर घातला म्हणजे गळ्यात ताण वाढतो, आणि ४८ तास ठेवलं. वर जाड पाइपचे तुकडे झाकले, कारण डोकं गोळीसारखं उडतं. एम २० चा ताण घेणारा छेद २४५ चौरस मिलिमीटर, १२.९ ची प्रूफ स्ट्रेस, म्हणजे कायमचं न लांबता झेलता येणारा ताण, ९७० मेगापास्कल. गुणाकार साधारण २४ टन. पाऊणपट आवळला म्हणजे प्रत्येक बोल्ट १८ टनांच्या ओढीत बसलेला. सोमवारी सकाळी दहाला घड्याळ लावलं. पहिला बोल्ट मध्यरात्री गेला, कॅमेऱ्यात वेळ मिळाली, १४ तास. मंगळवारी पाचच्या चहाला आम्ही चौघं बाजूच्या टेबलाशी होतो आणि दुसरा गेला. टेबल हललं. आमची टेक्निशियन मुलगी किंचाळली. मी इतकी वर्षं हायड्रोजनच्या तुटी मायक्रोस्कोपमध्ये पाहतो आहे, पण आवाज पहिल्यांदा ऐकला. बंदुकीसारखाच होता.

प्लेटिंगवाल्याला फोन केला. कडक मालाला प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत ओव्हनमध्ये घालून १९० ते २२० अंशांवर काही तास भाजावं लागतं, बेकिंग म्हणतात, म्हणजे हायड्रोजन निघून जातो किंवा निरुपद्रवी होऊन अडकतो. तो म्हणाला, "चलनावर नुसतं 'बोल्ट, झिंक' लिहिलं होतं, साहेब. बेकिंगचे पैसे कोण देतं?" तो खोटं बोलत नव्हता. चलनावर ग्रेड नव्हता.

मग ड्रॉइंग मागवलं. राग आला तो इथे. शीटमेटलच्या कव्हरांसाठी केलेली 'ऑल फास्टनर्स झिंक प्लेटेड' ही ओळ जशीच्या तशी लिफ्टिंग बीमच्या ड्रॉइंगवर उतरली होती. मागच्या वर्षी ग्राहकाच्या ऑडिटमध्ये 'गंजलेले बोल्ट' असा शेरा आला होता, तेव्हापासून ती सगळीकडे चिकटवतात. काळे, तेल लावलेले १२.९ बोल्ट वापरले असते तर काहीच झालं नसतं. आणि १२.९ हवेच कशाला होते? एका ब्रॅकेटवर सहा बोल्टांत मिळून अडीच टन येणार होते. ८.८ चा एम २० एकटाच कायमचा न लांबता १५ टन झेलतो, आणि तो इतका मऊ असतो की झिंक प्लेटिंगने त्याला हा आजार होत नाही. 'जास्त ग्रेड म्हणजे जास्त सेफ' ही समजूत आपल्या डिझाइन ऑफिसांत इतकी घट्ट बसली आहे की तिच्याशी भांडताना मी थकतो. अहवालात मी त्यांना दुसरी मांडणीही काढून दिली. ब्रॅकेट बीमच्या खाली लटकवण्याऐवजी वरून पट्टा घालून घ्या, म्हणजे भार बीमच्या पाठीवर बसेल आणि बोल्ट फक्त जागा धरून ठेवतील. सगळे बोल्ट गेले तरी डाय खाली येणार नाही. उचलायच्या वस्तूत आधी हे पाहायचं असतं.

मालकांनी विचारलं, "उरलेले नऊ आता ओव्हनमध्ये घालून वापरू का?" नाही म्हटलं. आत बारीक भेगा पडल्या असतील तर भाजून त्या मिटत नाहीत. ते नऊ बोल्ट माझ्यासमोर गॅसकटरने कापायला लावले.

बीम आता वरच्या पट्ट्याचा आहे, बोल्ट ८.८ चे. ते काम संपलं. माझ्या डोक्यातून जात नाही ती दुसरी गोष्ट.

दुकानदाराने १०० बोल्टांची पेटी एकदम प्लेटिंगला दिली होती, चकचकीत माल लवकर खपतो म्हणून. त्यातले २० या कारखान्याने घेतले. अहवाल कारखान्याच्या मालकीचा, त्यांच्या परवानगीशिवाय मी दुकानदाराला काही कळवू शकत नाही. परवानगी यायला अकरा दिवस लागले, कारण मध्ये बिलाची घासाघीस चालू होती. बीमखाली माणसं उभी राहतात हे माहीत असलेल्या लोकांनी अकरा दिवस घासाघीस केली. परवानगी मिळाली त्याच दिवशी मी दुकानात गेलो. ४६ बोल्ट पेटीत होते, ते त्यांनी लगेच बाजूला काढले, हुज्जत घातली नाही. बाकीचे ३४ सुटे, रोखीने गेले होते. बिलावर नावं नाहीत.

दुकानदार आठवून म्हणाले, "अहो, एक जण आला होता मागे. गॅरेजवाला असावा. तुटलेलं डोकं दाखवलं, म्हणाला, मी काहीच केलं नाही शेठ, रात्रीत आपोआप तुटला. मी म्हटलं, आपोआप कसा तुटेल?"

"मग?"

"चांगला माणूस वाटला. याच पेटीतला दुसरा दिला त्याला."