प्रकरण चौदा सुटलं: पूरिया, मारवा आणि काढून ठेवलेला हेडफोन

अकरा दिवस रुतून बसलेलं माझ्या कादंबरीचं प्रकरण चौदा काल रात्री हललं. मागच्या नोंदीत मी मोठ्या उत्साहात सांगितलं होतं की वसुधा आणि श्रीधर या भावंडांचे प्रसंग लिहिताना ऐकायच्या, दोघांच्या वेगळ्या प्लेलिस्ट तयार झाल्यात, आता वडिलांच्या घड्याळाचा प्रसंग एका बैठकीत होईल. तेव्हा झालाही. चार तासांत ३,२०० शब्द. लिहिताना दोनदा डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही न लावता तेच वाचलं, तर पानावर काहीच नव्हतं. दोन माणसं एका खोलीत उभी राहून आपण किती दुःखी आहोत हे एकमेकांना सांगत होती, एवढंच.

आधी संशय गाण्यांच्या शब्दांवर गेला. वसुधाच्या यादीत चार गाणी मराठी होती, ती काढली. त्यांच्या जागी मला अजिबात न कळणाऱ्या भाषेतली टाकली. त्यानेही वाक्यं अडखळायची थांबली नाहीत, आणि त्याचं कारण जुनंच आहे. १९७६ मध्ये कॉल आणि वेल्श यांच्या प्रयोगात लोकांना न कळणाऱ्या भाषेतलं बोलणं कानावर पडत असतानाही डोळ्यांसमोरची अक्षरं लक्षात ठेवणं अवघड गेलं होतं. पुढे १९८९ मध्ये सालामे आणि बॅडली यांना वाद्यसंगीतापेक्षा गायलेलं संगीत जास्त अडथळा आणताना दिसलं. म्हणजे अर्थ कळो न कळो, माणसाचा आवाज आला की डोक्यातलं वाक्य त्याला जागा करून देतं. लिहिण्याच्या यादीतून गाणारा आवाज मी आता कायमचा काढलाय. प्रवासात, चालताना, पात्रांचा विचार करताना गाणी हवीतच. वाक्य घडत असताना नकोत.

सगळं वाद्यांवर आणलं. वाक्यं सरळ झाली, प्रसंग मात्र तसाच निर्जीव राहिला.

मध्ये दोन दिवस गाण्यांच्या ॲपने खाल्ले. यादी संपली की ते आपल्या मनाने ‘अशीच आणखी’ गाणी लावतं, आणि प्रत्येक अपडेटनंतर ती सोय पुन्हा चालू झालेली असते. श्रीधर दाराशी पोचला आणि कानात ढोल सुरू झाले! लेखनासाठीच्या फाइली आता डाउनलोड करून व्हीएलसी या साध्या प्लेयरवर वाजवतो. जाहिराती नाहीत, सूचना नाहीत, यादी संपली की शांतता. ज्यांची यादी पक्की झाली आहे त्यांनी हेच करावं असं माझं ठाम मत आहे.

खरा दोष सापडला तो उलट्या चाचणीतून. वसुधाचा परिच्छेद तिच्या सारंगीसोबत वाचला, गळा दाटला. तोच परिच्छेद एका उडत्या नाचाच्या तुकड्यासोबत वाचला, तर तो चक्क हलकाफुलका वाटायला लागला. वाक्य होतं: ‘तिच्या आत काहीतरी कायमचं तुटलं.’ सारंगीच्या मींडेवर, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यावर, हे वाक्य थरथरत होतं. ठेक्यावर ते लटकं झालं. वाक्याचं स्वतःचं वजनच नव्हतं, सगळा भार सारंगीने उचलला होता आणि श्रेय मी माझ्या लेखनाला देत होतो. तुमच्या लाडक्या प्रकरणावर ही चाचणी एकदा करून बघा. कठीण जातं, पण दहा मिनिटांत निकाल लागतो.

दुसरी गोष्टही तेव्हाच लक्षात आली. वसुधाला सारंगी आणि श्रीधरला सिंथेसायझर दिल्यामुळे दोघं एका घरात वाढलेली भावंडं वाटतच नव्हती. दोन वेगळ्या कादंबऱ्यांतली माणसं शेजारी उभी केल्यासारखं झालं होतं.

मग पूरिया आणि मारवा हे दोन राग आठवले. दोघांचे स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, बाकीचे शुद्ध, पंचम वर्ज्य. तरी पूरिया गंधार-निषादावर विसावतो, मंद्रात, खालच्या सप्तकात, खोल उतरतो. मारवा रिषभ-धैवतावर उभा राहतो आणि षड्जाला, म्हणजे घरच्या ‘सा’ला, टाळत राहतो, घर समोर दिसत असून आत न शिरणाऱ्या माणसासारखा. एकच घर, तेच स्वर, जीव अडकलेली जागा वेगळी. वसुधा पूरिया, श्रीधर मारवा! दोन्ही जुन्या याद्या त्याच रात्री काढून टाकल्या.

तरी कानाला काहीतरी खुपत होतं. तानपुऱ्याच्या ॲपवर पहिली तार पंचमात होती, आणि या रागांत पंचमच नाही. ती निषादात लावली आणि खोलीचा रंगच बदलला. या एका तारेचा आनंद मी अजून उपभोगतोय.

आता पद्धत अशी: पंचवीस मिनिटं नुसतं ऐकायचं, लॅपटॉप मिटलेला. मग हेडफोन काढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा आणि शांततेत लिहायचं. कानात उरलेलं संगीत साधारण चाळीस मिनिटं पुरतं. ते विरलं की थांबायचं. बैठकीत जेमतेम सहाशे शब्द होतात, पण सकाळी ते जागेवर असतात.

मारव्याने मला नेमकं काय दिलं, तर टाळणं. श्रीधर प्रसंगभर वडिलांचा उल्लेख करत नाही. घड्याळाची काच, खिळा, भिंतीवर उरलेला फिकट गोल, एवढ्यावरच बोलतो. आणि तुटण्याच्या वाक्याच्या जागी आता हे आहे: ‘उद्या घड्याळ जाणार होतं, तरी वसुधाने स्टुलावर चढून त्याला आठवड्याची चावी दिली.’ हे मी नाचाच्या ठेक्यावरही वाचून पाहिलं. टिकलं.

पुढच्या आठवड्यात प्रकरण पंधरा सुरू करणार होतो, पण हे लिहितानाच एक गोष्ट डोक्यात आली. याच स्वरांचा तिसरा राग आहे, सोहनी: वरच्या, तार सप्तकात झेपावणारा, रात्रीच्या शेवटच्या प्रहराचा. आणि धाकटी नमिता या प्रसंगात कुठेच नाही. तिला मी परगावी ठेवलं होतं, कारण तिचं काय करायचं ते कळत नव्हतं. ती पहाटे पोचली तर? दोघं रात्रभर जे टाळत बसलेत ते तिने दारातूनच मोठ्याने विचारलं तर? मग चौदा इथे संपत नाही, आणि पंधराचा आराखडा बाजूला ठेवावा लागेल. ठेवतो.

सोहनीची लांब, वाद्यावरची रेकॉर्डिंग कुणाच्या संग्रहात असतील तर सुचवा. सरोद किंवा सारंगी चालेल. संतूर नको, नमितासाठी ते फार स्वच्छ वाजतं.