‘जे’चा रकाना

उणे बावीस तापमानात बॉलपेन चालत नाही, शाई थिजते. म्हणून हिवाळ्यात बाहेरच्या सर्वेक्षणाला आम्ही शिसपेन्सिली नेतो, त्याही तीन-चार, कारण टोक मोडलं तर हातमोजे काढून नवं करत बसण्याची सोय नसते. २०२५च्या जानेवारीत एका संध्याकाळी अशा चार पेन्सिली खिशात घालून मी कॅनडातल्या ऑटवाच्या पश्चिमेला, कनाटातल्या हॉकी अरीनाच्या, म्हणजे बंदिस्त स्टेडियमच्या, पार्किंगमध्ये उभा होतो. इथे हॉकी म्हणजे बर्फावरची. सामना सातला होता, आणि साडेपाचलाच महामार्गावरून उतरणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांची माळ लागली होती.

माझं काम वाहतूक नियोजनाचं. माणसं कुठून कुठे, कशाने आणि किती वेळात जातात ते मोजायचं आणि त्यावरून पुढचं मांडायचं. त्या दिवशीचा फॉर्म छोटा होता: पोस्टल कोडची पहिली तीन अक्षरं, घरून निघालात की ऑफिसातून, किती वाजता, किती जण, कशाने आलात. लोक गोठत असताना याहून जास्त विचारता येत नाही. इथले पोस्टल कोड मोठे बोलके असतात. ‘के-टू’ म्हणजे शहराचा पश्चिम भाग, कनाटा आणि स्टिट्सविल त्यातलेच. ‘के-वन’ म्हणजे मध्य आणि पूर्व. आणि ‘जे’ म्हणजे नदीपलीकडचं गॅटिनो, प्रांत क्युबेक, भाषा फ्रेंच.

हे सगळं मोजायचं कारण, अरीना हलवायची चर्चा पुन्हा खरी वाटायला लागली होती. ऑटवा सेनेटर्स हा संघ १९९२मध्ये एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकी लीगमध्ये, आला, तेव्हा तो शहरातच, लॅन्सडाउन पार्कच्या सिव्हिक सेंटरमध्ये खेळायचा. ती जागा फार लहान, म्हणून मालकांनी पश्चिमेला शेतजमीन घेतली. १९९१मध्ये प्रांताच्या लवादाने त्या शेतावर अरीनाला परवानगी दिली, पण अटी घालून. २२,५०० आसनांचा आराखडा १८,५००वर आणायचा, आणि महामार्ग ४१७वर चढण्या-उतरण्याचा रस्ता संघानेच स्वतःच्या पैशाने बांधायचा. जानेवारी १९९६मध्ये अरीना उघडला, शहराच्या मध्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर. आता ज्या जागेचं बोलणं चाललं आहे ती लेब्रेटन फ्लॅट्स, संसदेपासून चालत गाठता येईल अशी. १९६२मध्ये सरकारने तिथली कामगारांची वस्ती उठवली आणि त्यातली बरीच जमीन पुढे कित्येक दशकं ओसाड पडून राहिली. सप्टेंबर २०२४मध्ये राष्ट्रीय राजधानी आयोग आणि संघ यांच्यात तिथल्या सुमारे ११ एकरांबद्दल तत्त्वतः करार झाला. जागेला लागूनच पिमिसी हे मेट्रोचं स्टेशन आहे. त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता: अरीना शहरात आला तर प्रेक्षकांची गर्दी वाढेल का?

मी पुण्याचा, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नव्हता. फक्त आमच्याकडे गाडी उलट दिशेने गेली. स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर बाबांनी मला २९ फेब्रुवारी १९९६ला वर्ल्ड कपचा सामना दाखवला होता. केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळलं तो दिवस. दांडेकर पुलाजवळच्या घरून आम्ही चालत गेलो आणि चालत परत आलो. पुढे मोठं क्रिकेट गहुंज्याला, द्रुतगती मार्गाच्या कडेला गेलं. तिथे बाबा कधीच गेले नाहीत. क्रिकेटवरचं त्यांचं प्रेम तसूभरही कमी झालं नव्हतं. परत येताना वाहन मिळेल का, एवढ्या एका शंकेने ते घरी टीव्हीसमोर बसायचे. आज स्वारगेटला मेट्रो आहे, आणि मोठे सामने गहुंज्याला.

तर पार्किंग. पहिल्या तासात माझे ‘के-टू’चे रकाने भराभर भरत गेले. एक बाई दोन मुलांना घेऊन आली होती. तिघांच्या अंगावर लाल जर्सी, धाकट्याची तर गुडघ्यापर्यंत आलेली. ती स्टिट्सविलची, घरापासून दहा मिनिटं. मी लेब्रेटनचं विचारलं तर तिने लगेच मान हलवली. “तिथे गेला तर आमचं येणं कमी होईल. उद्या शाळा आहे. आता तिसरा, शेवटचा पीरियड अर्धा झाला की निघते आणि साडेनऊच्या आत यांना झोपवते. तिकडून ट्रेन, मग बस, मग गाडी, आणि हा माझ्या खांद्यावर.” तिचं म्हणणं मी शब्दशः लिहून घेतलं. मेट्रोचा पश्चिमेचा फाटा बांधला जातो आहे तो मूडीपर्यंत, कनाटाच्या अलीकडेच थांबणारा. शहरात अरीना नेण्याच्या उत्साहात ही बाई कुणाच्या नजरेसमोर नसते, आणि गेली तीस वर्षं कनाटातल्या खुर्च्या तिच्यासारख्यांनीच भरल्या आहेत.

‘जे’चा रकाना मात्र साडेसहापर्यंत जवळजवळ कोरा होता. गॅटिनोत लाखांनी लोक राहतात, त्यांतले कित्येक रोज पूल ओलांडून ऑटवात कामाला येतात, आणि हॉकी तर त्यांच्या रक्तात. मला वाटलं, आपण चुकीच्या दाराशी उभे आहोत. जागा बदलली, बसथांब्याजवळ गेलो. सामन्याच्या दिवशी चारशेच्या मालिकेतल्या खास बस तिथे माणसं उतरवतात. तिथेही तेच.

मग पावणेसातला एक वयस्क गृहस्थ भाच्यासोबत घाईने येताना दिसले. “जे-एट,” ते म्हणाले, आणि मी न विचारताच थांबले. सिव्हिक सेंटरच्या पहिल्या मोसमापासून चार मित्रांनी मिळून चार खुर्च्यांचं मोसमी तिकीट घेतलं होतं. तेव्हा काम सुटलं की चौघं एकत्र जेवून चालत जायचे. अरीना इकडे आल्यावरही काही वर्षं चौघं एकाच गाडीने येत राहिले. मग एकाची ड्युटी बदलली, एकाने रात्रीची गाडी चालवणं सोडलं, तिसऱ्याला तीन जणांसाठी एवढा प्रवास नको झाला. आता ते वर्षातून दोनदा, भाचा गाडी चालवणार असेल तर येतात. जाता जाता माझ्या पाटीकडे बोट करून म्हणाले, “मी आलो म्हणून तुझ्या कागदावर आलो. त्या तिघांना तू कुठे गाठणार?”

ते आत गेले आणि मी पेन्सिल हातात धरून उभा राहिलो. पंधरा वर्षं या धंद्यात आहे. जो आला त्याचीच मोजणी होते, हे पहिल्या वर्षी शिकवतात, आणि तरीही आम्ही दर वेळी दाराशीच उभे राहतो, कारण तिथे माणसं सापडतात. अरीनाच्या पार्किंगमध्ये कितीही फॉर्म भरले तरी आहे ती जागा ज्यांना परवडते त्यांचीच पसंती त्यात उतरणार. त्यावरून नव्या जागेचा अंदाज बांधणं म्हणजे हॉटेलात जेवत बसलेल्यांना विचारून घरी बसलेल्यांची भूक ठरवणं.

सव्वानऊला, सामना चालू असतानाच, माणसांची पहिली लाट बाहेर आली. तिसऱ्या पीरियडची शेवटची दहा मिनिटं उरलेली, गुणफलकावर एकाच गोलाचा फरक, आणि लोक गाडीकडे धावत होते, महामार्गावरच्या रांगेत पुढचा नंबर मिळावा म्हणून. त्या धावण्यात मला सगळ्या जागेची अडचण दिसली. तिकिटाचे पूर्ण पैसे मोजलेला माणूस सामन्याचा सगळ्यात रंगलेला भाग सोडून निघतो, तेव्हा त्याने घरी जाण्याच्या त्रासाची किंमत आपल्या परीने ठरवलेली असते.

परतताना गाडीत सहकारी म्हणाली, शहरात गेलं की गर्दी वाढतेच, वॉशिंग्टन बघ. तिचं अर्धं खरं आहे. तिथला हॉकी संघ वॉशिंग्टन कॅपिटल्स डिसेंबर १९९७मध्ये मेरीलँडच्या लँडओव्हरहून शहराच्या मध्यात, मेट्रो स्टेशनच्या डोक्यावर आले. पण तिथे प्रत्येक सामन्याला घर भरायला लागलं ते ओव्हेच्किन हा खेळाडू आल्यावर, संघ जिंकायला लागल्यावर, म्हणजे कितीतरी वर्षांनी. उलट ॲरिझोनाचा संघ २००३मध्ये फीनिक्स शहरातून ग्लेनडेलला गेला, त्याचे बरेच चाहते फीनिक्सच्या खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला राहिले, आणि २०२४मध्ये तो सॉल्ट लेक सिटीला गेला. तिथेही नुसत्या अंतराला दोष देणं चूक ठरेल, मालकीचे घोळ काही कमी नव्हते. माझं मत असं की चांगल्या संघाला चाहते कुठेही शोधत येतात, शनिवारी तर येतातच. जागेची खरी परीक्षा होते ती हरणाऱ्या संघाच्या मंगळवारी.

दुसऱ्या दिवशी मी वरिष्ठांकडे दोन तास मागितले. पुढच्या सामन्याच्या संध्याकाळी अरीनावर न जाता मेट्रोच्या फलाटावर उभा राहतो म्हटलं. आमच्या कामाच्या व्याप्तीत ते बसत नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “दोनच तास. आणि अहवालात वेगळं पान.”

असा मी साडेचारला पिमिसीच्या फलाटावर गेलो. पिमिसी म्हणजे अल्गॉन्क्विन भाषेत ईल मासा. फलाटाच्या पलीकडे बर्फाखाली झाकलेलं मोकळं मैदान. सेनेटर्सची लोकरी टोपी घातलेला जो दिसेल त्याला मी गाठत होतो. सामना त्याच संध्याकाळी होता, आणि टोप्या पूर्वेकडे, घराकडे निघाल्या होत्या. एक सरकारी नोकर म्हणाला, चारला सुटतो, इथे असता तर काहीतरी खाऊन थेट गेलो असतो. दुसरी म्हणाली, आठवड्यातून तीनच दिवस ऑफिसला यावं लागतं, घरून काम असेल त्या दिवशी मी कशाला येऊ? तिसऱ्याने गाडीच्या भरवशाचं काढलं. २०२१मध्ये हीच मेट्रो दोनदा रुळावरून घसरली होती आणि पुढच्या वर्षी त्यावर जाहीर चौकशी झाली. रात्री दहाला गाड्या बंद पडल्या तर हजारो माणसं उणे वीसमध्ये अडकतील, असं तो म्हणाला. हेही मी लिहून घेतलं, ठळक.

‘इथे असता तर याल का’ असं विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात, आणि त्या होकाराचा बराचसा भाग खिशात हात घालायची वेळ आली की गळून पडतो. त्यामुळे मी होकार मोजले नाहीत. शेवटचे केव्हा गेला होतात, आणि तेव्हापासून का नाही, एवढंच विचारलं. त्या उत्तरांत तिकिटाची किंमत होती, संघाची वाईट वर्षं होती, आणि जवळपास प्रत्येकाच्या उत्तरात कुठेतरी परतीची रात्र होती. ‘जे’चा रकाना तिथे भरत गेला.

सहा वाजता एक मुलगी बापाचा हात धरून ट्रेनमधून उतरली. साधारण माझ्या मुलीच्या वयाची, नऊ-दहाची. माझी लेक घरी टीव्हीसमोर सामना बघते, सेनेटर्सच्या तकाचुकने गोल केला की सोफ्यावर उभी राहते. “बाबा, आपण कधी जायचं?” हे तिने किती वेळा विचारलं असेल. आम्ही ओर्लियन्सला राहतो, शहराच्या पार पूर्वेला. तिथपर्यंतची मेट्रो त्या हिवाळ्यात सुरू झालेली नव्हती आणि अरीना घरापासून सुमारे ४० किलोमीटर. ऑटवात येऊन चार वर्षं झाली आणि मी एकदाही सामना बघायला गेलो नव्हतो. दर वेळी तिला मी शनिवारचं आश्वासन द्यायचो.

एक कोरा फॉर्म उरला होता. बाकावर बसून तो मी भरला. पोस्टल कोड: के-फोर-ए. किती जण: दोन. घरून की ऑफिसातून: ऑफिसातून. निघण्याची वेळ तेवढी रिकामी ठेवली आणि फॉर्म बाकीच्यांत घातला.