ताईचं कॉन्व्होकेशन आणि अंधारा हॉल

ताई स्टेजवर येते, डिग्री घेते, हात मिळवते, संपलं, सगळा खेळ काही सेकंदांचा. म्हणून फोटो काढताना शटर स्पीड मी १/२५० सेकंदापेक्षा हळू होऊच दिला नाही, लेन्स एफ २.८ वर, म्हणजे जास्तीत जास्त प्रकाश आत येईल अशी पूर्ण उघडी, आणि आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ते) ६४०० पर्यंत गेला तर जाऊ दे, कारण नॉइज, म्हणजे फोटोत दिसणारे दाणे, नंतर कमी करता येतो पण हललेला चेहरा काही केल्या नीट होत नाही. फ्लॅश तर लांबून पोचतच नाही, पुढच्यांची डोकी तेवढी पांढरीफट्ट होतात. आणि रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच, काढा हं, लाइटचा पिवळेपणा मग सहज घालवता येतो. तिच्या आधीच्या मुलीवर फोकस, एक्स्पोजर (फोटो किती उजळ येतो ते) सगळं तपासून ठेवलं होतं. पण खरं सांगू, स्टेजवरून उतरताना टोपीचा गोंडा सावरत ताईनं आईकडे बघितलं ना, तो फोटो मला डिग्रीच्या फोटोपेक्षाही जास्त आवडतो!