हरकती-सूचनांचा मसुदा: उद्योग संघटनेच्या कार्यगटातील माझा अनुभव

मी एका लहान तेल-वायू उत्पादक कंपनीत उत्पादन अभियंता आहे. मिथेन उत्सर्जनाबाबतच्या नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर हरकती-सूचना सादर करण्यासाठी आमच्या प्रादेशिक उद्योग संघटनेने एक तांत्रिक कार्यगट नेमला आणि त्यात कंपनीतर्फे माझे नाव गेले.

पहिल्या बैठकीची सुरुवात संघटनेच्या विधी सल्लागारांच्या निवेदनाने झाली. दर, उत्पादनाचे प्रमाण, ठेकेदारांशी झालेले करार आणि कामगारांचे वेतन या विषयांवर सभासदांनी आपसांत काहीही बोलू नये, असे त्यात बजावले होते. एरवी परस्परांचे स्पर्धक असलेले लोक एका टेबलाभोवती बसतात, तेव्हा अशा गप्पा स्पर्धा कायद्यानुसार संगनमताचा पुरावा ठरू शकतात. पुढे एकदा कोणी यंत्रसामग्रीच्या भाड्याचा विषय काढला, तेव्हा अध्यक्षांनी त्यांना वाक्य पुरे करू दिले नाही.

वादाचा मुद्दा होता वायूवर चालणाऱ्या न्यूमॅटिक कंट्रोलरचा. जिथे वीज नाही तिथे विहिरीतल्या वायूच्याच दाबावर व्हॉल्व्ह उघडतात व मिटतात, आणि त्यात थोडा वायू हवेत सुटतो. तो या उपकरणाच्या रचनेचाच भाग आहे. शंभर वर्षांचा काळ धरला, तर मिथेनची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट मानली जाते, त्यामुळे नियामकांची चिंता निराधार म्हणता येत नव्हती. मसुद्यात हे सर्व कंट्रोलर बदलून शून्य-उत्सर्जन उपकरणे बसवण्याची अट होती. मोठ्या सभासदांच्या मध्यवर्ती केंद्रांवर वीज असल्याने कॉम्प्रेसर बसवून दाबाची हवा वापरणे त्यांना सहज जमणारे होते. आमच्या विहिरी मात्र विखुरलेल्या, कमी उत्पादनाच्या आणि विजेच्या तारांपासून दूर. ‘उद्योगाचे मत’ असे काही तयार नसते, ते बैठकीत घडवावे लागते, हे तिथे मला दिसले.

खरे कष्ट आकडेवारीत होते. आपल्याकडे किती कंट्रोलर आहेत, हे कोणतीही कंपनी दुसरीला सांगायला तयार नव्हती. म्हणून माहिती एका त्रयस्थ सल्लागार संस्थेकडे गेली आणि आमच्या हाती फक्त बेरजा आल्या. एखाद्या गटात मोजक्याच कंपन्या असतील, तर तो गट दुसऱ्यात मिसळला जाई, म्हणजे कोणाची ओळख पटू नये. माझ्या मते संघटनेचे सर्वांत मोलाचे काम हेच होते, कारण एकट्या कंपनीला असे चित्र कधीच उभे करता आले नसते.

टेक्सास विद्यापीठाच्या एका अभ्यासात ३७७ कंट्रोलर मोजल्यावर सुमारे ९५ टक्के उत्सर्जन केवळ १९ टक्के उपकरणांतून होत असल्याचे आढळले होते. त्याचा आधार घेऊन, सरसकट बदलण्यापेक्षा तपासणी व दुरुस्तीवर भर द्यावा, असे काही सभासदांना लिहायचे होते. हा युक्तिवाद दुधारी होता; तपासणी आजवर पुरेशी झाली नाही, असाच अर्थ कोणी त्यातून काढला असता तर उत्तर देणे अवघड गेले असते. बऱ्याच चर्चेनंतर तो संदर्भ राहिला, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष सौम्य झाला. ‘अव्यवहार्य’ हा शब्दही गेला, आणि त्याजागी प्रत्येक कलमाचा पर्यायी मजकूर व त्यामागचा हिशेब आला. नियामकांना वापरता येते ते असे लेखन. नुसती नाराजी दप्तरी दाखल होते.

शेवटी एकमताने जे ठरले, ते साहजिकच सर्वांना चालेल एवढेच होते: टप्प्याटप्प्याने मुदत, आणि वीज नसलेल्या ठिकाणांसाठी वेगळे कलम. कमी उत्पादनाच्या विहिरींना सूट मिळावी, ही आमची मागणी त्यात बसली नाही, म्हणून कंपनीने स्वतंत्र निवेदनही दिले. त्याला संघटनेची हरकत नव्हती. अंतिम नियमांत वीज नसलेल्या ठिकाणांना जास्त मुदत मिळाली, सूट मात्र नाकारली गेली. तोच कार्यगट आता सभासदांसाठी नोंदींचे समान नमुने आणि तपासनिसांचे प्रशिक्षण यांवर काम करतो आहे.