समुद्रात डोकं घातलं ते सत्तावन्नाव्या वर्षी

जन्म गिरगावातला, सासर गिरगावातलं, चौपाटी घरापासून सात मिनिटांवर. तरी समुद्रात मी गुडघ्याच्या वर कधी गेले नव्हते. गणपती पोचवायला जायचं, साडी वर धरायची, पाय भिजवून परत फिरायचं. "आत जाऊ नको गं, पाणी ओढून नेतं," हे आईचं वाक्य मी माझ्या मुलीलाही जसंच्या तसं दिलं. त्यामुळे ऑस्ट्रेलियातल्या, पर्थच्या भाच्याने फोनवर "मावशी, पोहायचंय, तयारीनं ये" म्हटल्यावर मी त्याला तिकडे मेथी मिळते का ते विचारलं.

आम्ही निघालो ते एक्समाउथला. हे गाव पर्थच्या उत्तरेला बाराशे किलोमीटरहून जास्त लांब. म्हणजे इथून गाडीने नागपूरला जाऊन अर्ध्या वाटेपर्यंत परत यावं तेवढं. दोन दिवस गाडीतून दिसलं काय, तर लाल माती, झुडपं आणि माणसाएवढी वारुळं. गावात शिरलो तर भर रस्त्यात एमू. सुपरमार्केटच्या दारातून एक नर पाच पिल्लांना घेऊन आरामात चालला होता आणि गाड्या थांबल्या होत्या. पिल्लं बापच वाढवतो, असं भाच्याने सांगितलं. बरं वाटलं ऐकून.

गाव तसं नवंच, १९६७ सालचं. अमेरिकन नौदलाला पाण्याखालच्या पाणबुड्यांशी बोलायला तळ हवा होता, त्याच्या माणसांसाठी ते वसवलं. गावाच्या उत्तरेला तेरा मनोरे उभे आहेत, मधला ३८७ मीटर उंच. तळाला नाव दिलंय हॅरॉल्ड होल्ट या पंतप्रधानांचं. हे गृहस्थ डिसेंबर १९६७ मध्ये समुद्रात पोहायला उतरले आणि पुन्हा दिसलेच नाहीत. पोहायला जायच्या आदल्या रात्री जेवताना ही माहिती मला मिळाली.

इथल्या प्रवाळांचं मोठेपण असं, की ते बघायला बोटीने तासन् तास जावं लागत नाही. निंगालूची प्रवाळभिंत किनाऱ्याला धरून सुमारे २६० किलोमीटर जाते आणि काही ठिकाणी वाळूपासून शंभरेक पावलांत सुरू होते. २०११ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. आम्ही टर्कॉइज बे नावाच्या खाडीवर गेलो. तिथली गंमत म्हणजे दक्षिणेच्या टोकाला पाण्यात शिरायचं आणि अंग सोडून द्यायचं. प्रवाह आपल्याला प्रवाळांवरून वाहत नेतो. फक्त वाळूचा दांडा येण्याआधी बाहेर पडायचं, नाहीतर तेच पाणी भिंतीतल्या फटीतून बाहेरच्या समुद्रात घेऊन जातं. म्हणजे आई खोटं बोलत नव्हती. पाणी ओढून नेतं, आणि तिथे लोक त्याचसाठी येतात! भाचा वाहत जाईपर्यंत मी वाळूवर उभी राहून त्याचं डोकं मोजत होते. एकच होतं, तरी मोजत होते.

मला त्याने शांत बाजूला उतरवलं. जुलैचा महिना, म्हणजे तिकडचा हिवाळा, पाणी आपल्याला गारच. अंगात तो रबरी पोशाख. तो चढवायला वीस मिनिटं आणि दोन माणसं लागली, त्याचे फोटो मी डिलीट करायला लावले आहेत. पहिला दिवस वायाच गेला. माझा चष्मा उणे पाच. मुखवट्याखाली चष्मा बसत नाही, त्यामुळे खाली जे काही होतं ते मला रांगोळी पुसल्यासारखं दिसलं. संध्याकाळी गावातल्या दुकानात नंबरची काच असलेला मुखवटा भाड्याने मिळाला.

दुसऱ्या दिवशी डोकं खाली घातलं आणि आधी दिसलं नाही, ऐकू आलं. कुरकुर, कुरकुर, कुणी कडक चकली खावी तसं. हिरवा-निळा पोपटमासा प्रवाळाला चोचीने खरडत होता. तो ते चावतो, आतलं खाण्यासारखं घेतो आणि उरलेलं मागून पांढरी वाळू म्हणून सोडतो. समोरच सोडली त्याने, धुराच्या रेघेसारखी. ज्या वाळूवर आम्ही सकाळी चटई टाकून पराठे खाल्ले, त्यातली बरीचशी या मंडळींची कृपा.

पण सगळंच रंगीत नव्हतं. २०२५ च्या सुरुवातीला इथलं पाणी फार तापलं आणि प्रवाळ पांढरे पडले. ते ज्या सूक्ष्म शैवालाच्या जिवावर जगतात, ते उष्म्याने त्यांच्या अंगातून निघून जातं. जिवंत प्रवाळांच्या शेजारीच काही फांद्या शेवाळ धरून करड्या झालेल्या. घर बंद पडलं की भिंतींवर चढतं ना, तसं. मी त्यांच्यावरून हळू गेले.

माझ्या उजव्या अनामिकेत लग्नाआधीपासून पोवळं आहे, मंगळासाठी. भाचा म्हणाला, "मावशी, माहेरी आणलंस त्याला." तसं नाही. दागिन्यातलं लाल पोवळं भूमध्य समुद्रात खोल, अंधाऱ्या पाण्यात वाढतं, अशा भिंती बांधत नाही. लांबचं नातं, तेही येणंजाणं नसलेलं.

मागे केप रेंजचा डोंगर. तो चुनखडीचा, म्हणजे कधीकाळचा समुद्रतळच वर उचललेला. मंडू मंडू नावाच्या घळीत सकाळी सातला शिरलो. कोरड्या नदीच्या पात्रात नारळाएवढे पांढरे गोटे, दोन्ही बाजूंना लाल कडे, आणि माशा इतक्या की तोंडावर जाळी बांधावी लागली. दगडाला हात लावला तर त्यात शिंपला. याच ओढ्याजवळच्या एका कपारीत शंखांचे भोक पाडलेले मणी सापडलेत, सुमारे बत्तीस हजार वर्षांपूर्वीचे. माळ ओवून गळ्यात घालायची हौस इतकी जुनी! शेवटच्या चढाला माझे गुडघे बोलायला लागले. भाचा पुढे गेला, मी सावलीत बसून उरलेला चिवडा संपवला.

मुंबईला परतल्यावर मुलीने 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'च्या एका फेरीत माझं नाव घातलं. ही मंडळी २०१७ पासून लोकांना ओहोटीच्या वेळी आपल्याच किनाऱ्यांवरचे जीव दाखवतात. मुंबईत प्रवाळ आहेत हे मला तिथे कळलं. कोस्टल रोडच्या कामात २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या अठरा प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या, ही बातमी मी तेव्हा वाचलीही असेन. पान उलटलं असणार.

परवा अमावस्या होती, ओहोटी लांबपर्यंत गेली होती. हाजी अलीच्या खडकांवर मी एकटीच उतरले, जुन्या चपला घालून. अर्धा तास काही नाही. मग एका डबक्याच्या कडेला, प्लॅस्टिकच्या पिशवीशेजारी, मुठीएवढा तपकिरी गोळा आणि त्यावर बारीक चांदण्यांची नक्षी. गुडघे टेकून बघत होते, तर दर्ग्याकडून येणारा एक मुलगा थांबला.

"काय पडलं का, काकू?"

"पोवळं," मी म्हटलं.

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. "बोटात तर आहे की."