दोन इंच रुंदीचा समुद्र

मी पान दुमडणाऱ्यांपैकी. आमच्याकडे बुकमार्क म्हणजे बसचं तिकीट, लाइट बिल, एकदा तर पापडाच्या पाकिटाचा तुकडा, हाताला लागेल ते. पण सिडनीच्या चुलतबहिणीने येताना एक चित्राचा बुकमार्क आणला आणि तो काही केल्या पुस्तकात मिटून ठेववेना.

चित्रात लाकडी होडी. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, दोन्ही बाजूंना डोळे रंगवलेले, व्हिएतनामचे कोळी रंगवतात तसे, होडीला वाट दिसावी म्हणून. आणि माणसं इतकी की कडेची डोकी कागदाबाहेर गेलीयेत, अर्धाच कान दिसतो एकाचा. मागे बारीक अक्षरात, समुद्रमार्गे देश सोडलेल्या व्हिएतनामी लोकांच्या आठवणीत.

३० एप्रिल १९७५ ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव उत्तरेच्या कम्युनिस्ट सैन्याच्या हाती पडली आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत जवळपास ८ लाख लोक असे समुद्रातून दुसऱ्या देशांच्या किनाऱ्याला लागले. लागले ते मोजले गेले. वादळात गेले, तहानेने गेले, थायलंडच्या आखातात चाच्यांच्या हाती सापडले, त्यांचा नुसता अंदाजच. मलेशियातलं पुलाउ बिडोंग जेमतेम एक चौरस किलोमीटरचं बेट, १९७९ मध्ये तिथे ४० हजारांच्या आसपास माणसं राहत होती! आमच्या सोसायटीत पाण्याचे टँकर दोन झाले तरी भांडणं होतात.

पण मला धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. एप्रिल १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनला पहिली होडी पोचली, त्यात पाचच जण, आणि साडेतीन हजार किलोमीटरची वाट शोधायला काय होतं, तर म्हणे शाळेच्या ॲटलासमधून फाडलेलं एक पान. शाळेच्या! ज्यात आपण नद्यांना निळा रंग देतो आणि गंगा चुकवतो.

मग काय, रात्री साडेअकराला मुलाचं ॲटलास काढलं. दोन पानी जगाच्या नकाशावर व्हिएतनामच्या दक्षिण टोकापासून डार्विनपर्यंत बुकमार्क आडवा ठेवला तर जवळजवळ बसलाच की, अगदी सूतभर इकडेतिकडे. मधे इंडोनेशियाची बेटं, माशा बसल्यासारखी. आणि बाकी सगळा तो छापील निळा रंग, त्यावर लाट कुठे ते लिहिलेलं नसतं.

सकाळी मुलगा ओरडला, माझं ॲटलास कोणी घेतलं, भूगोलाचा तास आहे. बुकमार्क आतच राहिला आणि शाळेत गेला. कादंबरी कुठवर वाचली होती ते आता आठवत नाहीये.